सत्काराची पिल्लं

(झरीच्या शिवारातलं एक गाव. माळवदावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, दिनकरराव आणि हरणांचा अभ्यास करायला आलेले दामले. खाली अंगणात मनकर्णाबाई आणि एक काळवीट. शिडी जमिनीवर आडवी पडलेली. सकाळ.)

दामले: म्हणजे तुम्ही रोज इथंच जेवता?

दिनकरराव: रोज न्हाई. एकादशीला उपास असतो.

दामले: आणि घरात?

दिनकरराव: घरात जायला अंगण लागतं ना सायेब. अंगण त्याचं हाय. ही त्याचं शिंग धरून उभी ऱ्हाती तवा मी खाली उतरतो, पायात चप्पल न घालता वेशीपर्यंत पळतो, आन मंग रुबाबात चालायला लागतो. परत येताना बी तसंच, उलटं. बोळापलीकडचा किशनराव त्याच्या माळवदावरनं रोज इचारतो, काय मालक, आज काय भाजी. गावच्या माजी सरपंचाला असं कुणी इचारतं का?

दामले: तुम्ही काय सांगता?

दिनकरराव: भाजी सांगतो. दुसरं काय सांगू?

दामले: इथून उडी मारली तर?

दिनकरराव: आमच्या ल्योकानं, चंद्रभाननं मारली की. पूर्णेहून रजा काढून आल्ता, रजा समदी हितंच गेली. शेवटी नोकरीवर जायचं म्हणून उडी मारली. पाय प्लास्टरात हाय. लोकांला सांगितलं, मोटारसायकलवरनं पडला. त्याच्याकडं मोटारसायकल न्हाई.

दामले: वहिनी, जरा शिडी लावता का?

मनकर्णा: लावते की. शिडी लावायला मला काय हात न्हाईत का? आधी शब्द द्या, बन्सीला न्हेणार न्हाई म्हणून.

दामले: मी न्यायला आलो नाही हो. दिनकररावांनी पिंगळीला निरोप धाडला, हरीण बिघडलंय, येऊन बघून जा. म्हणून आलो. दारातून आत पाऊल टाकलं आणि पुढं काय झालं ते तुम्ही पाहिलंच.

मनकर्णा: पाह्यलं. शिडी चढताना तुमचा चष्मा पडला, त्यो मी कोनाड्यात ठिवलाय. एक काच हाय अजून. पण बन्सी बिघडला न्हाई. दूध बिघडतं, हरीण कशाला बिघडंल?

दिनकरराव: माझ्या मांडीत शिंग घातलं ते काय मग लाडानं?

मनकर्णा: तुमी पांढरं धोतर फडफडवीत का आलात त्याच्या अंगावर? मला न्हाई मारत त्यो. माझ्याभोवती कसा मान वर करून, शेपटी पाठीवर टाकून फिरतो. नाचतो म्हणा की.

दामले: शेपटी पाठीवर टाकून?

मनकर्णा: व्हय. आन नाक असं आभाळाकडं. लय देखणा दिसतो.

दामले: हं.

दिनकरराव: हं काय? सायेब, तुमी हं म्हणलात की मला भ्या वाटतं.

दामले: तो लेंड्या रोज एकाच जागी टाकतो का?

दिनकरराव: एकाच जागी. दाराच्या म्होरं. मी पाव्हण्यांला कौतुकानं दावायचो, बघा म्हणलं, जनावराला शिस्त लावावी तर अशी.

दामले: ती शिस्त नाही, हद्द आहे. माळावर वयात आलेला नर अशीच जागा धरतो. ढीग घालतो, डोळ्याखालच्या ग्रंथीचा काळा रस काड्यांना पुसतो, आणि दुसरा नर आत आला की हाकलतो.

मनकर्णा: चौकटीला काळं लागतं ते त्येच का? मला वाटलं, मी काजळ घालते ते पुसतोय.

दामले: तुम्ही त्याला काजळ घालता?

मनकर्णा: बारशापासनं.

दिनकरराव: बारसं केल्तं आमी सायेब. तुमी तवा परत गेल्ता. अख्खं गाव जेवलं. पुढं काळाच व्हणार म्हणून बन्सीधर नाव ठिवलं. हिनं कुंची शिवली, कानाला भोकं पाडून. ल्योक नोकरीला, लेकी सासरी, घर कसं रिकामं पडल्तं. आता घर भरलंय. मी बाहेर हाय.

दामले: दिनकरराव, हातावर वाढवलेल्या नराला माणसाची भीती नसते. त्याला वाटतं, माणूस म्हणजेच हरीण. त्याच्या लेखी तुम्ही दुसरा नर आहात. जागा बळकवायला आलेला.

दिनकरराव: आन ही?

दामले: त्याच्यावर अजून अभ्यास चालू आहे.

मनकर्णा: काय म्हणायलेत?

दिनकरराव: काय न्हाई. अभ्यास चालू हाय म्हणायलेत.

दामले: वहिनी, तुम्ही मात्र त्याला पाठ दाखवू नका.

दिनकरराव: बरं, उपाय सांगा. मला दुपारच्या आत खाली जायलाच पायजे. ऐकू यायलाय ना भोंगा? मंडप देवळाम्होरं टाकलाय. मी अध्यक्ष. मला बोलायचंय, विषय हाय हरणाचं आन माणसाचं नातं. आन मी हितं.

दामले: कसला कार्यक्रम?

दिनकरराव: ते सांगतो. आधी तुमचं सांगा, तुमी पिंगळीहून नुसते माझ्या निरोपावर आलात का तुमचं बी काय काम हाय? सकाळी आलात तवा तोंड उतरलेलं होतं. अंगणात यायच्या आधीच.

दामले: काम आहे. तुम्हाला ठाऊक आहे, मी दर हिवाळ्यात येऊन माळावरचा कळप मोजतो.

दिनकरराव: ठाऊक न्हाई व्हय. पहिल्या साली तुमी वही घेऊन वेशीत उभे ऱ्हायलात तवा गाव समजलं, इद्यापीठाच्या नामांतराची चौकशी करायला सरकारचा माणूस आलाय. दोन्ही बाजूची माणसं घरात जाऊन बसली. इद्यापीठातनं आलो म्हणलात तवा तर कुत्री बी गप झाली. मंग कळलं, हरणं मोजायला आलाय. तवा समद्यांनी चहा पाजला. दोन्ही बाजूंनी.

दामले: तो चहा आठवतो. तर या खेपेला कळप बघतोय, माद्या व्यायल्यात. सड भरलेले दिसतात दुर्बिणीतून. पण पिल्लू एक नाही. मागच्या साली अगदीच थोडी होती, त्याच्या मागच्या साली बरी होती. आता एकही नाही. मादी चरते, थांबते, एकाच गवताच्या बेटापाशी पुनःपुन्हा येते, वास घेते आणि जाते.

दिनकरराव: रोग असंल.

दामले: रोग असता तर मढी दिसली असती.

दिनकरराव: लांडगा.

दामले: मीही तेच लिहिलं होतं मागच्या साली. यंदा धोंडीबाकडं गेलो, मेंढरं वळणाऱ्या. तो म्हणाला, सायेब, लांडगाच उपाशी फिरायलाय, त्याचं बी गाऱ्हाणं लिहून घ्या.

दिनकरराव: आवो मंग एवढं तोंड कशाला पाडायलात? पिल्लं न्हाईत कशी? पिल्लं गावात हायेत की.

दामले: कुठं?

दिनकरराव: गावात. तुमालाच म्हाईत न्हाई? मला वाटलं तुमी अभिमानानं सांगत फिरत असाल. पहिला सत्कार तुमच्याच हातानं झाला. मला बन्सी सापडला, पोरकं पाडस वाचवलं म्हणून भूतदया मंडळानं शाल-नारळ दिला, तुमी प्रमुख पाव्हणे. त्याच्या दुसऱ्या सालापासनं दरसाल कार्यक्रम. ज्यानं पाडस वाचवलं त्याला शाल. हुरड्याच्या दिसात माणसं कामधंदा सोडून माळावर फिरायलीत सायेब, कुठं पोरकं पडलंय का बघायला. एवढी दया मी आमच्या गावात कधी पाह्यली न्हाई. मागच्या साली शाली कमी पडल्या, मंग टॉवेल दिले.

दामले: ती पिल्लं कुठं आहेत आता?

दिनकरराव: ज्याच्या त्याच्या घरी.

दामले: जिवंत?

दिनकरराव: आता बघा, म्हशीचं दूध जरा जड पडतं. कुणाचं दोन दिस, कुणाचं हप्ताभर. कुणाच्या घरात कुत्रं असतं. तकलीफ तर व्हतीच की लहान जिवाला.

दामले: किती जगली, दिनकरराव?

दिनकरराव: बन्सी जगला.

दामले: बाकीची?

दिनकरराव: सत्कार परत घेत न्हाई मंडळ. म्हणून कुणी फारसं बोलत न्हाई त्याच्यावर.

मनकर्णा: कडूबाईचं पाडस तर सत्काराच्या आधीच गेल्तं. तिनं पदराखाली तसंच धरून टॉवेल घेतला. मी तिच्या शेजारी उभी व्हते. मला वास आला. मी म्हणलं, असू दे, टॉवेल तर मिळू दे बाईला.

दामले: ती पोरकी नव्हती.

दिनकरराव: कोण, कडूबाई?

दामले: पिल्लं. एकही पोरकं नव्हतं. हरणी पिल्लाला गवतात झोपवते आणि मुद्दाम लांब जाऊन चरते. जवळ राहिली तर लांडग्याला पत्ता लागतो. पिल्लाला वास नसतो, ते हलत नाही. ती दुरून बघत असते. कुणी नाही असं पाहिलं की येते, पाजते, परत जाते. थोडं मोठं होईतो असंच चालतं.

दिनकरराव: न्हाई, न्हाई. बन्सीचं तसं नव्हतं. मी तुरीच्या रानातनं येताना बघितलं. एकलं पडल्तं. माणूस बघून पळायला पायजे का न्हाई? पळालं न्हाई. मी वाकलो तवा मान भुईला लावली आन डोळे मिटले. मी भाषणात तेच सांगतो दरसाल. त्यानं डोळे मिटले ते भरवशानं मिटले, असं. हितं बायका रडतेत.

दामले: ते भीतीनं मिटतात.

दिनकरराव: भीतीनं?

दामले: अंगावर मरण आलं की ते तसंच करतं. मान टाकायची, हलायचं नाही. ते तेवढंच करू शकतं.

दिनकरराव: मी त्याला पोटाशी धरलं, तर त्याचं काळीज कसं धडधडायलं व्हतं. मी म्हणलं, बघ, खूष झालं.

दामले: हं.

दिनकरराव: तीन साल झालं मी ते सांगायलोय. भोंग्यावर. वाऱ्याची दिशा बरी असली तर झरीपर्यंत ऐकू जातं.

दामले: दिनकरराव, तुम्हाला ठाऊक नव्हतं.

दिनकरराव: मला ठाऊक नव्हतं. कबूल. पण थांबा जरा. तुमाला ठाऊक व्हतं.

दामले: हो.

दिनकरराव: तुमी स्टेजवर व्हता. माझ्या शेजारच्या खुर्चीवर. पाडस माझ्या मांडीवर. ते तुमच्याकडं बघत व्हतं.

दामले: हो.

दिनकरराव: आन तुमी माझ्या गळ्यात हार घातला.

दामले: मला फेटा बांधला होता, दिनकरराव.

दिनकरराव: फेटा डोक्याला बांधतेत सायेब. तोंडाला न्हाई.

दामले: समोर सगळं गाव. बायका ओवाळायच्या ताटं घेऊन उभ्या. मंडळाचे लोक म्हणाले, दोन शब्द बोला. मी उठलो, म्हणायचं होतं की आधी हे पिल्लू जागेवर नेऊन ठेवू या. तेवढ्यात तुम्ही माझ्या कानात म्हणालात, सायेब, उद्यापासून माझी खोली तुमच्या कामाला, जेवण घरचं. माझ्याकडं राहायला जागा नव्हती. मी म्हणालो, असे दिनकरराव गावोगावी निर्माण झाले पाहिजेत.

दिनकरराव: झाले ना मंग.

दामले: हो.

दिनकरराव: गावोगावी झाले. आता मला कळायलंय, कापूस येचायच्या दिसात मजूर कामून मिळंना ते.

दामले: मला वाटलं, एक पिल्लू गेलं. एका पिल्लानं कळपाचं काय होतंय. मी नंतर दुसऱ्या शिवारातल्या कळपावर काम धरलं, इथं फक्त मोजायला यायचो. आणि कमी भरलं की लांडग्याच्या नावावर टाकायचो.

दिनकरराव: लांडग्याला शाल द्या आता.

मनकर्णा: दामले भावजी.

दामले: बोला वहिनी.

मनकर्णा: बन्सीची आई परत आल्ती असंल का वो तिथं? ह्यांनी उचलून आणल्यावर?

दामले: आली असणार.

मनकर्णा: किती दिस येत असंल?

दामले: अंगावर दूध आहे तोवर येतात.

मनकर्णा: मी त्याला बाटलीनं पाजायची तवा त्यो माझ्याकडं न्हाई बघायचा. दाराकडं बघायचा. मी ह्यांला म्हणायची, बघा कसा हुशार हाय, कोण आलं कोण गेलं समदं ध्यान हाय त्याचं.

दिनकरराव: अगं, आता बस कर.

मनकर्णा: बसच करायलीय. त्याला न्हेऊन सोडा मंग भावजी. मी शब्द मागत न्हाई. न्हेऊन सोडा तिकडं कळपात.

दामले: आता नाही जमणार वहिनी. मोकळ्यावर तो हरणांकडं जाणार नाही, माणसांकडं जाईल. पहिल्याच बांधावर एखाद्याला शिंग घालेल, आणि कुऱ्हाड खाईल. किंवा कुत्र्यापुढं उभा राहील, पळायचं असतं हेच त्याला ठाऊक नाही. कुंपण घालून मोठी जागा द्यावी लागेल. जंगलखात्याला कळवावं लागेल, कायद्यानं हरीण घरात ठेवता येत नाही. तोवर इथंच.

मनकर्णा: म्हणजे माझ्यापशीच ऱ्हाणार.

दामले: त्याला आता दुसरीकडं जागा नाही.

मनकर्णा: सकाळपून ह्याच्यासाठीच मी शिडी आडवी ठिवली. आन आता त्यो मिळाला तर त्याला हात लावू वाटंना.

दिनकरराव: आरं देवा. त्या बाभळीपाशी कोण हाय ते? सायेब, तुमची दुर्बीण द्या.

दामले: ही घ्या. कोण आहे?

दिनकरराव: दगडाबाई. पदराखाली धरलंय कायतरी. लवकर निघालीय, पहिला नंबर लागावा म्हणून. अगं ये, दार उघड. ती आपल्याच दारावरनं मंडपाकडं जाणार. तिला थांबव. सायेब, आजच उचललेलं आज न्हेऊन ठिवलं तर?

दामले: त्याच जागी ठेवलं आणि माणसं लांब गेली, तर घेते. बहुतेक घेते.

दिनकरराव: बहुतेक म्हणू नका, घेते म्हणा. स्टेजवर न्हाई बोललात, माळवदावर तरी बोला.

दामले: घेते.

मनकर्णा: बन्सी, गप उभा ऱ्हा. शिंग धरलंय मी ह्याचं. दगडाबाई, अगं थांब. आत येऊ नको, तिथनंच बोल. काय सांगू तिला?

दिनकरराव: हितनं दार दिसंना. इचार, कुठनं उचललं.

मनकर्णा: म्हणायलीय, आमच्या करडईच्या बांधाला पडल्तं. एकलंच. उचललं तर डोळे मिटून घेतले म्हणं, अगदी मालक सांगतेत तसं.

दिनकरराव: तिला म्हण, जिथनं आणलं तिथंच न्हेऊन ठिव. आत्ताच्या आत्ता.

मनकर्णा: इचारायलीय, कामून? शाली संपल्या का? टॉवेल बी चालंल म्हणायलीय. तिची सून म्हणं मागच्या सालापासनं टॉवेलाची वाट बघायलीय.

दिनकरराव: तिला म्हण, आता सत्कार व्हणार न्हाई. कुणाचाच. मी मंडपात येऊन सांगतो.

मनकर्णा: ती म्हणायलीय, मालकाला झाला आन आमाला कामून न्हाई? मालकाचं हरीण हरीण, आन आमचं काय शेरडू हाय का?

दिनकरराव: खरं बोलायलीय.

मनकर्णा: मंग काय सांगू?

दिनकरराव: सांग, मालकाचा सत्कार चोरीबद्दल झालाय. दिनकररावानं त्या पाडसाला त्याच्या आईच्या नजरेम्होरनं चोरून आणलं.

मनकर्णा: चोरी म्हणू? चूक झाली म्हणते की.

दिनकरराव: चोरी म्हण. चूक म्हणलं की माणसं असू द्या म्हणतेत आन पाडस घेऊन मंडपात जातेत.

मनकर्णा: चोरी म्हणायलेत गं दगडाबाई. व्हय, मालकच. माळवदावरच हायेत. न्हाई, बरे हायेत, ताप न्हाई. व्हय, त्यांनीच चोरी केली. व्हय, सायेब बी वरच हायेत. सायेबाला ठाऊक व्हतं.

दामले: हेही सांगा. बरोबर आहे.

मनकर्णा: ती पदराखाली बघायलीय.

दिनकरराव: जायलीय का?

मनकर्णा: न्हाई. उभीच हाय. दाराच्या भायेर आणखी दोघंतिघं जमलेत आता. किशनराव बी हाय. हसंना कुणी. हसले असते तर बरं झालं असतं.

दिनकरराव: असू दे. उभे ऱ्हाऊ दे. शिडी लाव, मी खाली येतो, समद्यांम्होरं सांगतो.

मनकर्णा: शिंग सोडलं तर ह्यो तुमाला मारील. शिंग धरलं तर शिडी कशी लावू?

दिनकरराव: मंग ऱ्हाऊ दे. मी हितनंच वरडून सांगतो. न्हाईतरी भाषणाचाच दिस हाय.

मनकर्णा: थांबा, वरडू नका. दगडाबाई इचारायलीय. हलक्या आवाजात इचारायलीय. करडईपासनं एक हरणी तिच्या मागं मागं आल्ती म्हणं. तिनं ढेकळं मारली, हाट हाट केलं, तरी आल्ती. वेशीपाशी थांबली. ती, म्हणायलीय, ती ह्याची...

दामले: कुठं आहे? दिनकरराव, दिसते का?

दिनकरराव: दिसायलीय. बाभळीच्या पल्याड. मान वर करून उभी हाय. मंडपाचा भोंगा वाजला की दोन पावलं मागं जाती आन परत म्होरं येती.

मनकर्णा: दगडाबाई रडायलीय वो. काय सांगू तिला?

दिनकरराव: ढेकळं मारलेली सांगू नको म्हणावं कुणाला. आन एकटीनं करडईकडं जा म्हणावं, सावकाश, पळू नको. बाकीच्यांला हितंच थांबव.

मनकर्णा: आजून?

दिनकरराव: आन पदर काढ म्हणावं पाडसावरचा. दिसू दे तिला.